चुरी सरांच्या कादंबरीतल्या दोघी

हिरू माझ्याशी बोलत नाही. त्याला चुरी सरांची कादंबरी कारण झाली, असं मी तीन वर्षं भेटेल त्याला सांगत होते. लोकांना ते लगेच पटायचं. सरांना ओळखणाऱ्या माणसाला सरांच्या हातून वाईट लिहिलं गेलं यासाठी पुरावा लागत नाही.

डहाणू रोडला कचेरीकडे जाताना डाव्या हाताला दक्षाबेनचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी तिथे आठ वर्षं टायपिंग करते. हिरू २०१४ साली आली. तलासरीकडच्या उधव्याची, बारावी झालेली, अंगाने बारीक आणि अक्षर वाचण्यात पटाईत. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक हाताने लिहिलेले कागद घेऊन येतं. वनहक्काचा दावा, जातीच्या दाखल्याचं शपथपत्र, वारसाचा अर्ज. तलाठ्याचं अक्षर तलाठ्यालाही वाचता येत नाही, पण हिरूला यायचं. म्हणून आमची रीत ठरून गेली. ती ओळीखाली लाकडी पट्टी धरून मोठ्याने वाचायची आणि मी टाइप करायची. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं ती एका सुरात म्हणायची. तिचा आवाज माझ्या कानातून थेट बोटांत उतरायचा. डोक्याला त्यात काही काम नव्हतं.

याचा मला फार अभिमान होता. टाइप करताना मी संध्याकाळची भाजी ठरवायची, सासूशी मनातल्या मनात भांडायची, आणि पान चुकीशिवाय निघायचं. एकदा एका माणसाचं आईच्या मृत्यूबद्दलचं शपथपत्र टाइप करून त्याच्या हातात दिलं आणि वर त्यालाच विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?" तो माणूस कागद घेऊन निघून गेला. हिरू हसून हसून खुर्चीवरून खाली आली. पुढे महिनाभर ती मला डबा उघडताना "आय बरी हाय ना?" असं विचारायची.

दुकानात ती आमच्यासारखी भाषा बोलायची. मागच्या पायरीवर आम्ही दोघीच डबा खायला बसलो की तिचं बोलणं घरचं व्हायचं. मी सुक्या बोंबलाची चटणी न्यायची, ती नाचणीची भाकर आणायची. मला मैत्रिणी म्हणाव्या अशा बायका आधी नव्हत्या. माझ्या तोंडाला काटे आहेत, हे मला माहीत आहे. हिरूला ते काटे टोचायचे नाहीत. ती म्हणायची, "तू बोल. मी आयकतांव." आणि खरंच ऐकायची.

२०१५ च्या वटपौर्णिमेला मी तिला म्हटलं, चल, दुपारी वडाला फेरे मारून येऊ, दक्षाबेन अर्धा तास सोडते. ती भाकरीचा तुकडा मोडत बसली.

"मी काय फेरे मारू, जया," ती म्हणाली. "माझां लगीनच नाय झालां."

मी तिच्या गळ्याकडे बघितलं. काळे मणी होते. घरी लक्ष्या होता, गुजरातच्या सरहद्दीपलीकडच्या कंपनीत जाणारा. तीन वर्षांची मुलगी होती.

"आमचे कडे आधी एकत्र रेतात," ती म्हणाली. "पोरां व्हतात, जमलां का मग लगीन करतात. माझे आयचां लगीन माझे भावाचे मांडवात लागलां. आधी ती बसली, मग भाऊ बसला."

"मग हे मणी?"

"महालक्ष्मीचे जत्रेत घेतलां. खोलीवाली इचारायची, नवराच ना तुझा? मणी घातलां तवापासून इचारत नाय."

"लाज वाटायची तुला?"

"मना कशाची लाज? लाज तुमचे लोकांना वाटतं. ती झाकाय घातलां." तिने मणी पदराखाली सारले. "कोणाला बोलू नको. मग मना ही खोली सोडाय लागल, नि दुसरी कोणी देनार नाय."

मी तिचा हात धरला आणि सांगणार नाही म्हटलं. त्या दिवशी मीही वडाला गेले नाही. सासूला खोटं सांगितलं आणि मला त्याचा आनंद झाला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर चुरी सर आले.

निवृत्त झाल्यावर कुणी मास्तर परसात भाजी लावतो, कुणी भजनाला जातो. बोर्डीच्या चुरी सरांनी कादंबरी लावली. पांढरा झब्बा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत सात लांब वह्या. दक्षाबेनने त्यांना "बेसो, साहेब" म्हणून खुर्ची दिली, आणि पुढचे पाच महिने ते त्या खुर्चीतून उठले नाहीत. कादंबरीचं नाव होतं 'चिकूच्या सावलीतला सूर्य'. सावलीत सूर्य कसा असतो, असं हिरूने त्यांना सरळ विचारलं. सर डोळे मिटून हसले. त्यांच्याकडे उत्तर नसलं की ते डोळे मिटत.

कादंबरीचा नायक तुषार. एकोणतीस वर्षांचा, उंच, भव्य कपाळाचा शिक्षक. सर स्वतः एकसष्ट वर्षांचे, पावणेपाच फूट, आणि कपाळ तेवढं खरंच भव्य, कारण ते मानेपर्यंत पोचलं होतं. हा तुषार रोज बोर्डीहून सायकलने उधव्याला शिकवायला जातो आणि प्रार्थनेच्या आधी पोचतो. घाट त्याला लागत नाही, घाम त्याला येत नाही. वाटेत पाड्यापाड्यावरच्या बाया भाताची लावणी थांबवून त्याच्याकडे बघत उभ्या राहतात. हिरूने ते वाचलं आणि पट्टी खाली ठेवली.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही उधव्याला कधी गेलात?"

"निवडणुकीच्या ड्युटीला होतो ना," सर म्हणाले. "दोन दिवस. फार जवळून पाहिलं मी ते जीवन."

"लावणीच्या वेळी बाया मान वर करत नाहीत. पाठ मोडते."

"कादंबरीत थोडं वर न्यावं लागतं वास्तवाला," सर म्हणाले. मला तेव्हाच समजलं की हा माणूस बरा होणार नाही.

पाचव्या वहीत तुषार राजीनामा टाइप करायला एका दुकानात जातो. तिथे दोन टायपिस्ट असतात. एक कविता, एक रूपी. कविता म्हणजे मी. गोरी नाही म्हणून 'सावळ्या उन्हासारखी' आणि बोलायला तिखट म्हणून 'अतृप्त'. रूपी म्हणजे हिरू. तिच्याबद्दल लिहिताना सरांना दर ओळीला रान, मोह, ताडी आणि चांदणं लागायचं. या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी, एका डब्यात जेवणाऱ्या. मग तुषार दुकानाची पायरी चढतो आणि दोघी एकाच क्षणी त्याच्यावर भाळतात. पुढची साठ पानं त्या एकमेकींवर जळतात. गोष्टीत आमचं काम एवढंच होतं. तुषार किती मोठा आहे हे कळावं म्हणून दोन बायका झिजवायच्या.

सुरुवातीला आम्ही फार हसलो. हिरू वाचताना नक्कल करायची. "कवितेने दीर्घ उसासा टाकला, स्वल्पविराम," असं म्हणून ती असा काही उसासा टाकायची की झेरॉक्सला आलेली माणसंही वळून बघायची. लक्ष्या तिला घ्यायला आला की मी म्हणायची, आला का तुझा तुषार? लक्ष्या बिचारा सायकलवर पाय टेकून उभा असायचा आणि त्याला घाम आलेला असायचा.

सर खुर्चीत बसून हे सगळं 'निरीक्षण' करत. खिशात छोटी डायरी. हिरू कोर्ट फीची तिकिटं आणायला कचेरीत गेली की ते माझ्याशी बोलत. मी सरांना काय काय सांगितलं ते पुढे येईलच. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मार्चमधली एक दुपार. सहावी वही चालू होती. त्या दुपारचं मला आठवतं ते एवढंच की पंखा कुरकुरत होता, घरचा गॅस संपला होता आणि सिलिंडरला फोन कुणी करायचा यावरून नवऱ्याशी सकाळी वाजलं होतं. हिरू वाचत होती, मी टाइप करत होते. मनात नवऱ्याला जे ऐकवायचं ते मी शब्दाशब्दाने जुळवत होते. अकरा पानं झाली. हिरूने वही मिटली, उठून पाणी प्यायली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "झालं तुझं?"

"झालं. एकही चूक नाही बघ."

दुसऱ्या दिवसापासून तिने नक्कल बंद केली. तुषारचं भव्य कपाळ आलं तरी ती शपथपत्राच्या सुरात वाचायची. जेवायला भूक नाही म्हणायची. नवव्या दिवशी कादंबरी संपली, दहाव्या दिवशी तिने दक्षाबेनला सांगितलं की तलासरीत काम मिळालं, घरापासून जवळ पडेल. दक्षाबेन म्हणाली, "पगार वाढवू का, बोल ने?" हिरूने नकारार्थी मान हलवली. मला ती "येते" म्हणाली. नेहमी म्हणायची तसंच म्हणाली, म्हणून मी वरही पाहिलं नाही. तिची लाकडी पट्टी तेवढी टेबलावर राहिली.

मी फोन केले. आठवडाभर वाजत राहिले, नंतर नंबर बंद झाला. लक्ष्या रस्त्यात भेटला, तर "कामात हाय ती" म्हणून पुढे गेला. आता कुणी म्हणेल, तलासरी काही समुद्रापलीकडे नाही, एसटीत बसायचं आणि जायचं. पण मी गेले नाही. मला राग आला होता. मला वाटलं, त्या कादंबरीत रूपीला ताडी पाजलीय, उथळ केलीय, ते तिच्या मनाला लागलं आणि त्याचा राग ती माझ्यावर काढतेय. जणू लिहिलं मी. मग मी सरांना शिव्या घालायला सुरुवात केली. बाजारात, देवळात, झेरॉक्सच्या रांगेत. त्या माणसाने आमच्या दोघींच्या मैत्रीचं वाटोळं केलं असं म्हणताना मला फार बरं वाटायचं.

पुढच्या जानेवारीत पुस्तक निघालं. सरांनी स्वखर्चाने काढलं, प्रूफं स्वतः तपासली, मुखपृष्ठावर स्वतः काढलेलं चिकूचं झाड घातलं. ते आंब्याचं वाटतं. आत 'अक्षरजुळणी : सौ. जयश्री' असं छापलं म्हणून मला बोर्डीच्या समारंभाचं आमंत्रण होतं. वाचणारीचं नाव कुठेच नव्हतं. नाशिकहून एक प्राध्यापक आणले होते. त्यांनी पाऊण तास भाषण केलं. त्यातला अर्धा तास ते स्वतःच्या प्रबंधाबद्दल बोलले आणि उरलेल्या वेळात त्यांनी कादंबरीतलं एक वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. पुनरुक्तीचं सामर्थ्य म्हणाले, लोकगीतातली लय म्हणाले. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसून बशीतला बटाटेवडा किती गार झालाय ते बोटाने बघत होते. वाक्य कोणतं, ते माझ्या कानावर पडलं आणि पडून गेलं.

सरांनी सही करून दिलेली प्रत मी घरी नेली आणि शिवणाच्या मशीनखाली ठेवली. आपण टाइप केलेलं कोण वाचतं? दुसऱ्यांनीही वाचलं नाही. सरांच्या पडवीत त्या प्रतींचे गठ्ठे अजून तसेच आहेत, त्यावर ते चिकू पिकायला ठेवतात.

२०१९ च्या फेब्रुवारीत सर पुन्हा आले. त्या दिवसांत इकडे जमीन हादरत होती. नोव्हेंबरपासून धक्के चालू होते, तलासरीकडची माणसं घराबाहेर ताडपत्र्या बांधून राहत होती, आणि दक्षाबेनने टायपिंगचं टेबल दाराशी ओढून घेतलं होतं, पळायला बरं म्हणून. सरांना भूकंपाचं काही नव्हतं. त्यांना एका पुरस्कारासाठी प्रस्ताव पाठवायचा होता. प्राध्यापकांचं भाषण त्यांनी स्वतःच्या हाताने उतरून काढलं होतं, ते टाइप करून हवं होतं. वाचणारी कुणी नव्हती. हिरूच्या जागी आलेल्या मुलीला सरांचं अक्षर लागत नव्हतं. म्हणून मी हिरूची पट्टी घेतली, ओळीखाली धरली आणि स्वतः वाचत वाचत टाइप करू लागले. कितीतरी वर्षांत मी पहिल्यांदा काही वाचत होते.

चौथ्या पानावर ते वाक्य होतं. प्राध्यापकांनी नावाजलेलं, दोनदा.

'रूपीच्या गळ्यातले काळे मणी कुणी बांधलेले नव्हते; ते तिने जत्रेतून स्वतःच विकत आणले होते. रूपीच्या गळ्यातले काळे मणी कुणी बांधलेले नव्हते. ते तिने जत्रेतून स्वतःच विकत आणले होते. हे गुपित तिने एकट्या कवितेला सांगितले होते, आणि कवितेने ते हसत हसत तुषारच्या कानावर घातले.'

माझी बोटं थांबली. जरा उशीरच झाला होता.

चारशे पानांत सरांनी एकच खरी गोष्ट लिहिली होती, आणि ती मी पुरवलेली होती. आता मला त्याआधीची एक दुपारही आठवली. हिरू तिकिटं आणायला गेली होती. सर म्हणाले होते, "जयश्रीबाई, तुमच्याकडे निरीक्षणशक्ती आहे." मला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. नवरा म्हणतो, फार बोलतेस. सासू म्हणते, फार बघतेस. आणि हा झब्बेवाला माणूस माझं बोलणं डायरीत लिहून घेत होता. मी आधी दक्षाबेनबद्दल सांगितलं, मग लक्ष्याबद्दल, आणि सांगण्यासारखं संपलं तेव्हा मणी सांगितले. हसत सांगितले. त्यांची प्रथाच तशी आहे सर, आणि ही बघा कशी हुशार, जत्रेत जाऊन मणीच घेऊन आली. मी तिचं कौतुक करत होते असं मी तेव्हा स्वतःला समजावलं असणार. खरं तर खुर्चीतल्या माणसाने आणखी दोन ओळी लिहून घ्याव्यात, एवढंच मला हवं होतं.

मी सरांना म्हटलं, पुढची आवृत्ती काढाल तेव्हा हे वाक्य काढा.

"अहो, काय बोलताय?" सर म्हणाले. "तो कादंबरीचा आत्मा आहे."

"तुम्ही दोनदा लिहिलं होतं का ते?"

"अर्थात," सर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

वह्या दुकानातच होत्या, वरच्या फळीवर, परत न्यायला सरांना कधी सवड झाली नाही. मी स्टुलावर चढून सहावी वही काढली. वाक्य एकदाच होतं. म्हणजे दुसऱ्यांदा ते आमच्या टेबलावर आलं होतं. माझ्याच हातून चुकून दोनदा पडलं असणार, आणि प्रूफं तपासताना स्वतःचं वाक्य दोनदा बघून सरांना ते दुप्पट आवडलं असणार. यात मला नवल वाटलं नाही. आमच्या धंद्यात ओळ दोनदा पडते.

दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसून तलासरीला गेले. एवढी वर्षं जिला दोष दिला ती कादंबरी पिशवीत होती. हिरूसमोर ती फाडून टाकावी, असं काहीतरी नाटक मी वाटेत मनात जुळवलं होतं. सरांच्या संगतीचा परिणाम, दुसरं काय?

बाजाराच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये हिरूचं टेबल होतं. स्वतःचा कॉम्प्युटर, स्वतःचा प्रिंटर. मागे मोकळ्या जागेत निळ्या ताडपत्र्या बांधलेल्या होत्या आणि एक बाई त्यांच्या सावलीत तांदूळ निवडत होती. हिरू अंगाने थोडी भरली होती. गळ्यात काही नव्हतं.

तिने मान वर केली. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही, ते मला दिसलं.

"बसा ताई," ती म्हणाली. "काय टाइप करायचं आहे?"

आमच्यासारखं बोलली. दक्षाबेनच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायची तसं, स्वच्छ, एकही शब्द घरचा नाही. मी खुर्चीवर बसले. जुळवलेलं सगळं विसरले.

"हिरू, मी सांगितलं होतं सरांना," मी म्हटलं. "मण्यांचं. मीच सांगितलं. मला काल कळलं की ते पुस्तकात आहे. आईशपथ, काल कळलं."

"काल," ती म्हणाली.

"टाइप करताना माझं लक्ष नसतं, तुला माहीत आहे. मी तुला दिलेलं वचन मोडलं, ते माझं चुकलं. तू खोलीसाठी घाबरलीस का? कुणी काही बोललं का तुला?"

"कोण बोलणार?" हिरू म्हणाली. "ते पुस्तक कुणी वाचलं नाही. खोलीवालीला तर वाचताच येत नव्हतं."

"मग एवढा राग का धरलास? शिव्या दे, दोन थोबाडीत दे."

हिरूने प्रिंटरमधून निघालेला कागद काढला, जुळवला, टाचणी लावली. अर्ज कुणा बाईचा होता, पडलेल्या भिंतीचा पंचनामा व्हावा म्हणून. ती बाई म्हणजे मागे तांदूळ निवडत बसलेली. हिरूने तिला हाक मारून आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या. मग ती माझ्याकडे वळली आणि तिची भाषा पुन्हा बदलली.

"माणूस बोलून जातो, ताई. सांगितलं त्याचा राग मला दोन दिवस होता," ती म्हणाली. "मी ते वाचत होते तुमच्याशेजारी बसून. माझंच ते. मला वाटलं, आता तुमची बोटं थांबतील. थांबली नाहीत."

"अगं, मी ऐकलंच नव्हतं."

"मलाही तेच वाटलं. ऐकू गेलं नसेल. म्हणून मी ते वाक्य पुन्हा वाचलं. हळू वाचलं. तुमच्याकडे बघत वाचलं."

माझ्या पिशवीत ते पुस्तक होतं आणि पुस्तकात ते वाक्य दोनदा होतं. पुनरुक्तीचं सामर्थ्य.

"तुम्ही पुन्हा टाइप केलं," हिरू म्हणाली. "मग मी पुढचं वाचलं, कवितेने सांगितलं ते. तेही केलं. आणि मला म्हणालात, एकही चूक नाही बघ."

मी पिशवीतून तिची पट्टी काढून टेबलावर ठेवली. आणायची असं काही ठरवलं नव्हतं, प्रस्तावाच्या कागदांबरोबर पिशवीत आली होती. तिने ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि टेबलाच्या खणात टाकली.

तेवढ्यात एक म्हातारा हाताने लिहिलेला कागद घेऊन आला. वेवजी गावचा होता. त्याचंही घराचंच काहीतरी होतं, दोन्ही बाजूंनी गिचमिड लिहिलेलं. हिरूने कागद समोर टेकवून ठेवला.

"मी वाचू का?" मी म्हटलं. "तू टाइप कर. लवकर होईल."

"नको," ती म्हणाली. "मीच वाचते आणि मीच करते. वेळ लागतो."

मी उठले. ती म्हाताऱ्याला खुर्ची देत होती. भिंत कोणत्या बाजूची पडली, आत कोण होतं, कुणाला लागलं का, असं ती एकेक विचारत होती आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकून घेऊन मग दोन बोटांनी टाइप करत होती. मी एसटीच्या थांब्यावर जाईपर्यंत तिची एक ओळही झाली नसेल.